तानपुरा कुठे ठेवायचा?

मंडळी, जामखेडात ‘सराउंड’ ध्वनिमुद्रणावर व्याख्यान कशाला, असं कुणाला वाटेल. पण हा कला केंद्रांचा तालुका आहे. बारीत गाणारी समोर, पेटी-ढोलकी तिच्या मागे आणि दाद चहूबाजूंनी. आवाजाच्या मधोमध बसणं म्हणजे काय, हे इथल्या श्रोत्याला शिकवावं लागत नाही.

ध्वनिमुद्रिकेनं आपल्या गाण्यापुढे दोन अडचणी उभ्या केल्या: वेळ आणि जागा. १९०२ साली गैसबर्गनं कलकत्त्यात गौहरजानचं गाणं मुद्रित केलं, तेव्हा तबकडीत जेमतेम तीन मिनिटं मावत. अख्खा राग तेवढ्यात उरकायचा. एलपी आली आणि श्वास मोकळा झाला. किशोरीताईंची १९६७ची बागेश्री-भूपची एलपी आठवा. वेळेचा प्रश्न बराच सुटला. जागेचा तसाच राहिला.

जागेचा विचार एचएमव्हीच्याच घराण्यात झाला होता, बरं का. ईएमआयच्या अ‍ॅलन ब्लुमलाइननं १९३१ साली स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९७०च्या दशकात चार वाहिन्यांचं क्वाड्रोफोनिक आलं, पण एकाची पद्धत दुसऱ्याच्या यंत्रावर चालेना, म्हणून ते बुडालं. फिलिप्सची तेव्हाची चार वाहिन्यांची मुद्रणं पुढे पेंटाटोन या २००१ साली निघालेल्या कंपनीनं एसएसीडीवर आणली. नॉर्वेची टूएल कंपनी तर चर्चमध्ये माइक मधोमध ठेवते आणि वादकांना भोवती बसवते.

आता आपल्याकडचं बघा. आपल्या अनेक स्टिरिओ मुद्रणांत तबला एका कानात, पेटी दुसऱ्या कानात, गायक मधे आणि तानपुरा कुठेतरी तळाशी. स्वच्छ आहे, पण बैठक नाही. बैठकीत दोन तानपुरे गायकाच्या मागे, दोन बाजूंना असतात. त्या गुंजनाच्या कुशीत षड्ज लागतो. तो तानपुराच दबला, तर सूर कशावर टेकला हे ऐकणाऱ्याला कळणार कसं?

म्हणून आमचा प्रश्न वाहिन्या किती हा नाही. श्रोत्याला बसवायचं कुठे, हा आहे. गायकाच्या जागी बसवलं, तर तानपुरे पाठीमागून ऐकू येतील. पहिल्या रांगेत बसवलं, तर ते समोरून, गायकाच्या मागून येतील. मागच्या स्पीकरांत फक्त खोलीची आस आणि दाद. आम्ही दुसऱ्या बाजूचे. मैफल ही ऐकणाऱ्याची जागा आहे. तबला पाठीमागे फिरवणं म्हणजे जत्रेतला पाळणा झाला. मजा येते, राग हरवतो.

आणखी एक. पुण्याच्या अलूरकरांनी मैफलींची मुद्रणं कॅसेटवर आणली. अशा जुन्या, एकाच वाहिनीच्या मुद्रणांना आज ओढूनताणून ‘सराउंड’ करायचा मोह होईल. करू नये. माइकनं जे टिपलंच नाही, ते यंत्रानं पसरवलं तर तो शृंगार नाही, सोंग आहे. खरखर काढा, तानपुरा वर आणा, तेवढं पुरे.

आणि खर्च करायचाच असेल, तर तो आज जिवंत असलेल्या बैठकीवर करा. बारीतली अदाकारी, घुंगरांचा जवळ-लांब होणारा आवाज, मधूनच येणारी दाद, हे सगळं सध्या मोबाइलच्या इवल्याशा माइकात चेपलं जातंय. उद्या शिकणाऱ्या मुलीला तेवढंच मिळालं, तर तीन मिनिटांच्या तबकडीनं रागाचं जे केलं, तेच आपण लावणीच्या जागेचं केलं असं होईल.