काचेवरचे ठिपके आणि मराठीची वेलांटी : स्पर्शपडद्यावरील ब्रेल लेखनाची समीक्षा

प्रस्तावना

अंध विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने लिहिणे आणि लिहिलेले स्वतःच तपासून दुरुस्त करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. ब्रेल लिपीने या दोन्ही क्रिया बोटांच्या स्वाधीन केल्या. गेल्या काही वर्षांत ब्रेल लेखन मोबाइल फोनच्या गुळगुळीत पडद्यावर आले आणि या घटनेचे सर्वत्र स्वागत झाले. ते योग्यही होते. मात्र हे स्वागत प्रामुख्याने लेखनाच्या वेगाचे आणि सोयीचे आहे. दुरुस्तीचा विचार त्यात क्वचितच आढळतो. मराठीसारख्या, ऱ्हस्व-दीर्घाला अर्थभेदक मानणाऱ्या भाषेत दुरुस्तीचा प्रश्न गौण ठरू शकत नाही. स्पर्शपडद्यावरील ब्रेल कळफलक हे मराठी लेखनाचे साधन म्हणून कितपत पुरे पडते, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

लेखनसाधनांची परंपरा

लुई ब्रेल यांनी १८२९ मध्ये आपली लिपी प्रसिद्ध केली. सहा ठिपक्यांच्या एका घरात अक्षर बसवायचे आणि ते बोटाच्या एका स्पर्शात ओळखायचे, हे तिचे मूलतत्त्व होय. भारतीय भाषांसाठी १९५१ मध्ये भारती ब्रेल स्वीकारण्यात आली. तिच्यात ‘क’ हा वर्ण मराठीत, बंगालीत वा तमिळमध्ये एकाच ठिपक्यांनी लिहिला जातो. पुण्यात १९३४ पासून अंध मुलांसाठी शाळा आहे, आळंदीत अंध मुलींची निवासी शाळा आहे, आणि २००८ पासून ‘स्पर्शज्ञान’ या मराठी ब्रेल पाक्षिकाने वाचकवर्ग घडविला आहे. या परिसरातील ब्रेल साक्षरतेला अशी सलग परंपरा आहे.

या परंपरेतील प्रत्येक साधनाची पारख एकाच कसोटीवर करता येते : लिहिणाऱ्याचे बोट लिहिलेल्या अक्षरापर्यंत किती लवकर पोहोचते? ब्रेल पाटीवर उजवीकडून डावीकडे, उलट्या बाजूने ठिपके टोचावे लागतात. वाचण्यासाठी कागद काढून उलटावा लागतो. राहिलेला ठिपका नंतर देता येतो, पण जास्तीचा ठिपका नखाने घासून बसवावा लागतो. म्हणूनच चुकलेल्या अक्षरावर सहाही ठिपके उठवून ते रद्द करण्याची रीत रूढ झाली. १९५१ मध्ये आलेल्या पर्किन्स ब्रेल यंत्राने हे अंतर कमी केले. त्यात कागद उलटावा लागत नाही. अक्षर उठताच बोट त्यावर नेता येते. म्हणजेच साधन सुधारत गेले तसतसे लेखन आणि वाचन एकमेकांच्या जवळ येत गेले.

काचेवरचा बदल

स्पर्शपडद्याने या प्रवासाला वेगळे वळण दिले. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेत २०१२ च्या सुमारास ‘ब्रेलटच’ हा प्रयोग पुढे आला. ॲपलने २०१४ मध्ये आयफोनवर आणि गूगलने २०२० मध्ये अँड्रॉइडच्या टॉकबॅकमध्ये ब्रेल कळफलक उपलब्ध करून दिला. फोन आडवा धरून पडदा बाहेरच्या दिशेला करायचा आणि दोन्ही हातांची तीन-तीन बोटे त्यावर टेकवायची. बोटे उचलली की अक्षर नोंदले जाते. एक बोट बाजूला सरकवले की जागा सुटते, विरुद्ध दिशेला सरकवले की मागचे पुसले जाते. भारती ब्रेलचे मराठीसह अनेक भारतीय भाषांचे तक्ते ‘लिबलुइस’ या मुक्तस्रोत प्रणालीत तयार आहेत. त्यांच्या आधारे ठिपक्यांचे देवनागरीत रूपांतर करता येते.

तथापि काचेवर ठिपका उमटत नाही. बोटांनी दिलेले अक्षर बोटांना परत मिळत नाही. ते पडदावाचकाच्या आवाजातून कानाला मिळते. पाटीवरही दुरुस्ती अवघड होती, परंतु चूक निदान बोटाला सापडत होती. काचेवर पुसणे अत्यंत सोपे झाले, पण काय पुसायचे हे ठरविण्याचे काम कानाकडे गेले. या साधनाच्या समीक्षेतील कळीचा मुद्दा हाच आहे.

कानाला सापडणाऱ्या चुका

काही चुका कान अचूक पकडतो, हे प्रथम मान्य केले पाहिजे. पदमजी कागदगिरणीमुळे परिचित असलेल्या थेरगावचे नावच उदाहरणादाखल घेता येईल. भारती ब्रेलमध्ये ‘थेरगाव’ हा शब्द सहा घरांत बसतो : थ (१-४-५-६), ए (१-५), र (१-२-३-५), ग (१-२-४-५), आ (३-४-५), व (१-२-३-६). ‘थ’ लिहिताना सहाव्या ठिपक्याचे बोट नीट टेकले नाही तर ‘द’ होतो आणि पडदावाचक ‘देरगाव’ म्हणतो. ‘ग’मधील पहिला ठिपका राहिला तर ‘थेरजाव’, ‘व’मधील सहावा राहिला तर ‘थेरगाल’. अशी चूक ऐकताच लक्षात येते. थेरगावचा पिनकोड ४११०३३ लिहिताना अंकचिन्ह राहिले तर ‘द अ अ ज च च’ अशी अक्षरे उमटतात. तीही कानाला खटकतात. ‘सई’ लिहिताना ‘स’ आणि ‘ई’ यांच्यामध्ये ‘अ’चा एक ठिपका द्यावा लागतो, तो राहिल्यास ‘सी’ ऐकू येते.

काही अडचणी तर फोनच्या बनावटीतून येतात. ‘ढ’ या अक्षराला सहाही ठिपके लागतात. ज्या फोनचा पडदा एका वेळी पाचच स्पर्श ओळखतो, त्यावर ‘ढ’ एका ठोक्यात उमटू शकत नाही. या अडचणी खऱ्या असल्या तरी त्या लपून राहत नाहीत.

कानाला न सापडणाऱ्या चुका

खरा प्रश्न याच्या पुढे आहे. भारती ब्रेलमध्ये ‘इ’साठी २-४ आणि ‘ई’साठी ३-५ हे ठिपके आहेत. आकृती तीच, फक्त एक ओळ खाली सरकलेली. कागदावर सरावलेले बोट हा फरक ओळखते. आता ‘पिंपरी’ हा शब्द पाहावा. त्यात पहिली वेलांटी ऱ्हस्व आणि दुसरी दीर्घ आहे. लिहिणाऱ्याने चुकून ‘पींपरि’ लिहिले तरी पडदावाचकाचा उच्चार जवळजवळ तोच राहतो. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’, ‘शिर’ आणि ‘शीर’, ‘पाणि’ आणि ‘पाणी’ या जोड्यांत अर्थ पूर्णतः बदलतो. यंत्राच्या आवाजात मात्र हा भेद निसटतो. ‘विशेष’ऐवजी ‘विषेश’ लिहिले गेले तरी कानाला शंका येत नाही.

यामागे मराठी लेखनव्यवस्थेचे स्वरूप आहे. महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे चौदा लेखननियम स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत चार नियमांची भर पडली. या अठरा नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले. पण शब्द तत्सम आहे की नाही, इकार-उकार अंत्य आहे की उपान्त्य, यांवर ऱ्हस्व-दीर्घ ठरविले. म्हणजे नियमांचा मोठा भाग श्रवणाने नव्हे, तर शब्दाच्या रूपाच्या परिचयाने आत्मसात होतो. डोळस विद्यार्थी हा परिचय डोळ्यांनी मिळवितो आणि ब्रेलवाचक बोटांनी. ज्याला केवळ ऐकावे लागते त्याच्यापर्यंत शब्दाचे रूप पोहोचतच नाही.

पुसण्याचा हिशेब

दुसरी अडचण पुसण्याच्या यंत्रणेत आहे. भारती ब्रेलमध्ये जोडाक्षराचे हलन्तचिन्ह (ठिपका ४) व्यंजनाच्या आधी येते. संगणकाच्या युनिकोडमध्ये ते व्यंजनानंतर साठविले जाते. ‘विद्या’ हा शब्द दोन्हीकडे सहा एककांचाच आहे. शेवटून दोनदा पुसल्यावर दोन्हीकडे ‘विद्’ उरते. तिसऱ्यांदा पुसताना मात्र वाटा वेगळ्या होतात. ब्रेलच्या हिशेबाने ‘द’ जाऊन नुसते हलन्तचिन्ह उरायला हवे. युनिकोडच्या हिशेबाने हलन्त जाऊन ‘विद’ उरते. ‘क्ष’ हे ब्रेलमध्ये एकच घर आहे, पण युनिकोडमध्ये ‘क’, हलन्त आणि ‘ष’ अशी तीन एकके आहेत. शब्द लिहून होईपर्यंत कळफलक घरांची नोंद ठेवत असेल तर एका खुणेत ‘क्ष’ पुसला जातो. तोच शब्द एकदा मजकुरात गेला की बहुधा तीन खुणा लागतात. एकच हालचाल दोन वेळी दोन परिणाम देते. पाहणाऱ्याला उरलेले अक्षर दिसते. ऐकणाऱ्याला ते प्रत्येक वेळी विचारून घ्यावे लागते.

मूल्यमापन

एवढ्यावरून हे साधन त्याज्य ठरत नाही. श्रुतलेखनाशी, म्हणजे बोलून मजकूर उतरविण्याच्या सोयीशी तुलना केली तर त्याचे महत्त्व स्पष्ट होते. बोलून लिहिताना ‘दिन’ की ‘दीन’ हे यंत्र ठरविते. ब्रेल कळफलकावर ते लिहिणारा ठरवितो, कारण दोन्हींसाठी त्याला वेगवेगळी बोटे टेकवावी लागतात. अक्षराची निवड त्याची असते आणि म्हणून लेखनाचे उत्तरदायित्वही त्याचे असते. लेखनिकाच्या साह्याने परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्याला हेच नाकारले जाते. त्याच्या उत्तरपत्रिकेतील शुद्धलेखन हे वस्तुतः लेखनिकाचे शुद्धलेखन असते. केंद्र शासनाच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनी ब्रेल, संगणक इत्यादी पर्यायांतून निवड करण्याची मुभा आणि तासामागे किमान वीस मिनिटे अधिक वेळ देऊ केला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याला अनुसरून २०१८ मध्ये नव्या सूचना आल्या. तथापि साधन निवडण्याचा हक्क आणि त्या साधनावर आपले लेखन तपासता येणे यांत अंतर आहे. स्पर्शपडद्याने निवड परत दिली. पडताळणी दिली नाही. वेलांटीच्या चुकीसाठी अशा विद्यार्थ्याचे गुण कापताना ती चूक अज्ञानाची आहे की न दिसलेल्या ठिपक्याची, हे परीक्षकाला सांगता येणार नाही.

समारोप

ही त्रुटी भरून काढण्याचे मार्ग उपलब्ध आहेत. पहिला मार्ग ब्रेल प्रदर्शकाचा होय. ऑर्बिट रीडर २० सारखे वीस घरांचे उपकरण ब्लूटूथने फोनला जोडले असता लिहिलेली ओळ पुन्हा बोटांखाली येते. अँड्रॉइडच्या टॉकबॅकमध्ये अशा उपकरणांचा अंतर्भाव २०२२ मध्ये झाला. प्रत्येक विद्यार्थ्याला ते घेणे शक्य नसले तरी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक संच असणे अशक्य नाही. दुसरा मार्ग आवाजाचा आहे. मराठी शाळेत शिक्षक शब्द सांगताना ‘पहिली वेलांटी’, ‘दुसरी वेलांटी’, ‘पहिला उकार’, ‘दुसरा उकार’ असे म्हणतात. पडदावाचकाने मागणीनुसार नेमके याच शब्दांत अक्षर फोडून सांगितले, तर कानालाही शब्दाचे रूप कळू शकेल. तिसरा मार्ग अध्यापनाचा आहे. कागदावरील ब्रेल वाचनाचा सराव असलेल्या विद्यार्थ्याच्या बोटांत शब्दांची रूपे आधीच बसलेली असतात आणि काचेवर तीच कामी येतात. फोन आला म्हणून ब्रेल पुस्तके मागे पडू देणे हे या साधनाचाच पाया काढून घेण्यासारखे ठरेल.

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यातील महाविद्यालयांत येणाऱ्या अंध विद्यार्थ्याच्या खिशात फोन असतो आणि त्या फोनमध्ये ब्रेल कळफलक असू शकतो. त्यावर त्याने लिहिलेला निबंध त्याचा स्वतःचा असेल. तो निबंध त्याला स्वतः वाचून सुधारताही यावा, याची व्यवस्था करणे हे त्या महाविद्यालयाचे काम आहे.