लोककथा, पोवाडे आणि ओव्यांची विषयसूची

लोककथांच्या विषयवार सूचीची आज जगभर रूढ असलेली पद्धत फिनलंडच्या अँटी आर्ने यांनी १९१० साली घातली. स्टिथ थॉम्प्सन यांनी १९२८ मध्ये ती वाढवली, तर हान्स-यॉर्ग उथर यांनी २००४ मध्ये तिची फेरमांडणी केली. या पद्धतीत प्रत्येक कथानकाला क्रमांक मिळतो. कथेतल्या लहान कल्पनांसाठी, म्हणजे कथाबीजांसाठी, थॉम्प्सन यांचा वेगळा कोश आहे. ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ या कथेतली म्हातारी ‘लठ्ठ होऊन येते, मग खा’ असे सांगून वाघाला थोपवते. त्या कोशात ही युक्ती फसवणुकीच्या विभागात बसते. थॉम्प्सन आणि वॉरन रॉबर्ट्स यांनी १९६० मध्ये भारतीय उपखंडातील मौखिक कथांची सूची दिली, त्यामुळे एका भाषेतल्या कथेची दुसऱ्या भाषेतली भावंडे सापडू लागली. मात्र श्रावणातल्या शुक्रवारच्या कहाणीला असा क्रमांक दिला, की कथानक हाती राहते आणि व्रत सुटते.

पोवाड्यांची मांडणी वेगळ्या अंगाने झाली. ॲक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या १८९१ च्या संग्रहाचे नावच ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे’ असे आहे. य. न. केळकरांच्या ‘ऐतिहासिक पोवाडे’चा पहिला भाग १९२८ मध्ये आला. व्यक्ती आणि प्रसंग यांवर आधारलेली ही रचना इतिहासकाराच्या सोयीची आहे. परंतु वियोग, फितुरी किंवा दुष्काळ यांचे चित्रण शाहिरांनी कसे केले, हे पाहायचे तर सगळे पोवाडे नव्याने वाचावे लागतात.

मराठीतले सर्वांत भरीव काम जात्यावरच्या ओव्यांचे आहे. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्या माहेर, भाऊ-बहीण अशा नात्यांनुसार लावल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातील हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. तिथे विषय, उपविषय आणि त्यांचे पोटभाग अशी उतरंड आहे. ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव नोंदले आहे, म्हणून एकाच विषयावर दोन गावांतल्या बाया काय वेगळे म्हणतात हे तपासता येते. संगणकीय नोंदींनी हा शोध आणखी सुकर केला.

या सर्व पद्धतींची कसोटी गुजरातमधल्या बारडोलीसारख्या ठिकाणी लागते. १९२८ च्या सारावाढविरोधी सत्याग्रहात फुलचंदभाई शाह यांची गाणी लोकांनी उचलली. रचनाकार ठाऊक असलेले, पण समूहाच्या तोंडी रुळलेले असे गाणे राजकीय घटनेखाली जाईल, शेतकऱ्याच्या दुःखाखाली जाईल, की भजनाच्या चालीखाली? एकच कप्पा निवडला, तर उरलेल्या दोन वाटांनी येणाऱ्या अभ्यासकाला ते दिसणारच नाही. याच भागातल्या चौधरी आणि गामीत बोलींना भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सन यांनी भारताच्या भाषासर्वेक्षणात भिल्ल भाषांमध्ये जागा दिली होती. मराठी किंवा गुजराती अशा प्रमाणभाषेच्या चौकटीत केलेली सूची या बोलींतल्या कथागीतांपर्यंत पोहोचत नाही.

म्हणून चांगल्या सूचीत एका रचनेला अनेक विषयांखाली नोंद हवी. कथानक आणि कथाबीज यांच्या जोडीला प्रसंग, चाल, बोली, गाव आणि गाणाऱ्याची ओळख हवी. त्यासाठी क्षेत्रीय संकलन आणि वर्गीकरण एकाच वेळी झाले पाहिजे. गाणारी माणसे हयात असतानाच त्यांना ‘हे गाणे केव्हा गातात?’ असे विचारता येते. हे उत्तर नोंदीत नसेल, तर नंतर कितीही बारकाईने वर्गीकरण केले तरी ते भरून काढता येत नाही.