अपविद्ध, परित्यक्त, अनाथ : अज्ञात मातापित्यांच्या अपत्याचे विधिशास्त्रातील स्थान

ज्या अपत्याचे आईबाप कोण हे कोणालाच ठाऊक नाही, त्याच्याविषयी कायदा काय म्हणतो हे पाहू जाता प्रथम शब्दांचीच अडचण येते. लोकव्यवहारात अशा मुलाला बेवारस म्हणतात. हा शब्द वस्तुतः मालमत्तेचा; बेवारस गाठोडे आणि बेवारस अर्भक ही दोन्ही एकाच विशेषणाने ओळखली जावीत, यात भाषेचा दोष थोडा आणि दृष्टीचा अधिक आहे. शास्त्रीय दृष्ट्या येथे तीन निरनिराळ्या अवस्था आहेत. आईबाप वारले ते मूल अनाथ. आईबापांनी टाकले ते परित्यक्त. आणि आईबाप कोण हेच कळत नाही ते अज्ञातमातापितृक. पहिल्या दोहोंत आईबापांविषयी काहीतरी ठाऊक असते, तिसऱ्यात केवळ मूल ठाऊक असते. भारतीय विधिपरंपरेने या तिसऱ्या अपत्याला दत्तक देता यावे यासाठी बरीच बुद्धी खर्च केली. परंतु कोणीच दत्तक न घेतलेल्या अशा अपत्याचे स्वतःचे म्हणून काय, हा प्रश्न तिने बहुतांशी उघडाच ठेवला आहे.

या परंपरेचा आरंभ द्वादशविध पुत्रांच्या यादीत शोधावा लागतो. मनूने नवव्या अध्यायात बारा प्रकारचे पुत्र सांगून त्यांचे दोन षट्कांत विभाजन केले आहे. पहिले सहा बांधवही आहेत आणि दायादही. दुसरे सहा केवळ बांधव. आईबापांनी, अथवा त्यांपैकी एकाने, टाकलेले व दुसऱ्याने पुत्र म्हणून स्वीकारलेले अपत्य म्हणजे अपविद्ध. हा अपविद्ध मनूच्या पहिल्या षट्कात, म्हणजे औरस व दत्त यांच्या पंक्तीत बसतो. उलट कुमारिकेचा पुत्र कानीन, जो रक्ताने अधिक जवळचा, तो दुसऱ्या षट्कात पडतो. याज्ञवल्क्याने मात्र अपविद्धाला बारांत शेवटचे स्थान दिले आहे, आणि पूर्वीच्या प्रकारचा पुत्र नसेल तर पुढच्याने वारसा घ्यावा असा क्रम लावला आहे. दोन स्मृतींतील हे अंतर लक्षणीय होय. शिवाय हा नियम सजातीय पुत्रांपुरता आहे, असे याज्ञवल्क्य स्पष्ट सांगतो. रस्त्यावर सापडलेल्या अर्भकाची जात कोणी सांगावी? येथेच कळते की स्मृतिकारांच्या डोळ्यांसमोरचा अपविद्ध हा बहुधा ज्याचे कूळ गावाला ठाऊक आहे असा, टाकलेला पण ओळखीचा मुलगा होता. अज्ञातमातापितृक अपत्य त्या व्याख्येत शब्दाने मावते, आशयाने मावत नाही. आणि मुलीचा तर या यादीत विचारच नाही. पिंड आणि दाय यांच्याभोवती फिरणाऱ्या यादीत तो असणार तरी कसा?

जे काही स्थान होते तेही पुढे बंद झाले. कलिवर्ज्य प्रकरणाने औरस व दत्तक यांखेरीज इतर पुत्रांचा स्वीकार कलियुगात निषिद्ध ठरविला. मिथिलेतील कृत्रिम पुत्रासारखे अपवाद सोडले तर व्यवहारात दत्तक तेवढा उरला. दत्तकाला तर दाता लागतो. अपत्य देण्याचा, विकण्याचा आणि टाकण्याचाही अधिकार मातापित्यांना आहे, असे वसिष्ठाचे सूत्र आहे. या सूत्रात टाकणे हा मुलावरील अन्याय नसून आईबापांच्या सत्तेचा एक प्रकार आहे, आणि देणे हा दुसरा. अर्थात ज्याला देणारे आईबाप नाहीत त्याचे दत्तविधान होऊ शकत नाही. इंग्रजी अमदानीतील न्यायालयांनीही, रूढीचा अपवाद ठेवून, हाच नियम चालविला. त्याच काळात, १८६०च्या दंडसंहितेच्या ३१७व्या कलमाने बारा वर्षांखालील अपत्यास टाकून देणे हा सात वर्षांपर्यंतच्या कारावासाचा गुन्हा ठरविला. टाकणारा अपराधी झाला; टाकलेल्याची स्थिती मात्र तसूभरही बदलली नाही. (हेच कलम आता भारतीय न्याय संहितेत ९३वे म्हणून नांदते आहे.)

ही पोकळी महाराष्ट्रात कायद्याने नव्हे, तर संस्थांनी भरून काढली. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये काढलेले बालहत्या प्रतिबंधक गृह आणि १८७५ मध्ये पंढरपुरास निघालेले तशाच हेतूचे गृह यांचे सामाजिक महत्त्व वारंवार वर्णिले गेले आहे. विधिशास्त्राच्या दृष्टीने ध्यानात घेण्याजोगी गोष्ट निराळी आहे. मातेचे नाव झाकले जाईल, या भरवशावर ही गृहे उभी होती. आणि मातेचे नाव झाकणे म्हणजे मुलाचे कूळ पुसणे. मुलाचा जीव वाचावा म्हणून त्याची ओळख खर्ची घालावी लागे. हा सौदा त्या काळी अटळ होता हे मान्य करूनही, त्याची किंमत मूल देत होते हे विसरता येत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळातील १९५६च्या हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाविषयी लिहिताना, स्त्रीला मिळालेला दत्तक घेण्याचा अधिकार आणि मुलीच्या दत्तविधानास मिळालेली मान्यता यांवर भर दिला जातो, व तो योग्यच आहे. परंतु मूळ अधिनियमात दात्याचा प्रश्न जुन्याच जागी होता. आईबाप मृत, संन्यस्त किंवा न्यायालयाने वेडे ठरविलेले असतील तरच पालकाला न्यायालयाच्या पूर्वपरवानगीने मूल देता येई. आईबापांनी टाकलेले आणि ज्याचे आईबाप अज्ञात आहेत असे मूल नवव्या कलमात आले ते १९६२च्या दुरुस्तीने. त्याच दुरुस्तीने दुसऱ्या कलमाच्या स्पष्टीकरणात आणखी एक भर पडली : असे मूल हिंदू, बौद्ध, जैन वा शीख म्हणून वाढविले गेले असेल, तर ते त्या धर्माचे समजावे. ही भर दिसते त्याहून मोठी आहे. जन्माने ठरणारी गोष्ट संगोपनाने ठरू शकते, हे तत्त्व याज्ञवल्क्याच्या सजातीयत्वाच्या अटीला सरळ छेद देणारे होय. खेद इतकाच, की हे तत्त्व मुलाला कोणाच्या तरी घरात बसविण्यापुरतेच वापरले गेले.

२०१५चा बाल न्याय अधिनियम धर्मनिरपेक्ष आहे, आणि त्याची दत्तकाची यंत्रणा पुष्कळच काळजीपूर्वक रचलेली आहे. सापडलेल्या मुलाची खबर चोवीस तासांत देणे बंधनकारक आहे. बालकल्याण समितीने आईबापांचा शोध घ्यावयाचा, आणि तो निष्फळ ठरल्यास दोन वर्षांपर्यंतच्या मुलाला दोन महिन्यांत व त्याहून मोठ्याला चार महिन्यांत दत्तकासाठी मोकळे घोषित करावयाचे. येथे 'सापडले' या घटनेचे रूपांतर 'टाकले' या निष्कर्षात होते. मूल हरवलेले असेल, पळविलेले असेल, आईबाप अपघातात गेले असतील. मुदत संपली की ते कागदावर परित्यक्त. दत्तकासाठी ही गृहीतता क्षम्य म्हणता येईल. पण तेच लेबल इतरत्र मुलाच्या आड येते. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये अनाथांसाठी एक टक्का समांतर आरक्षण ठेवले. मग परित्यक्त मूल अनाथ नव्हे, असा युक्तिवाद उभा राहिला, आणि २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला दोहोंत असा भेद करता येत नाही, असे सांगावे लागले. दत्तक न गेलेल्या मुलाविषयी अधिनियमाचा सूरही बदलतो. दत्तकाच्या प्रकरणात सर्वत्र 'करील' अशी आज्ञा आहे. अठराव्या वर्षी संस्थेबाहेर पडणाऱ्याला आर्थिक साह्य 'देता येईल' असे शेहेचाळिसावे कलम म्हणते.

सर्वांत मोठी उणीव नागरिकत्वाची. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाने सार्वजनिक जागी सापडलेल्या नवजात अर्भकाची खबर देण्याचे काम गावच्या मुखियावर व अन्यत्र पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्यावर सोपविले आहे. म्हणजे जन्माची नोंद होऊ शकते. परंतु १ जुलै १९८७ पासून केवळ भारतात जन्मणे पुरेसे नाही, आईबापांपैकी एकजण नागरिक असला पाहिजे. ३ डिसेंबर २००४ पासून दुसरा बेकायदा स्थलांतरितही नसला पाहिजे. १९८७ पूर्वी सापडलेले अर्भक जन्मानेच निःशंकपणे नागरिक होते, त्यानंतरचे मात्र पुराव्याअभावी अधांतरी. राष्ट्रहीनता कमी करण्यासंबंधीच्या १९६१च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या कलमात साधा उपाय आहे : उलट सिद्ध होईपर्यंत, सापडलेले अर्भक त्याच भूमीत, त्याच देशाच्या नागरिकांपोटी जन्मले असे मानावे. भारत त्या करारात सामील झालेला नाही. फिलिपाईन्समध्ये हा वाद राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत पेटला. १९६८ मध्ये इलोइलो येथील चर्चमध्ये सापडलेल्या ग्रेस पो या उमेदवार होत्या, आणि त्यांना जन्मसिद्ध नागरिक मानण्याचा निर्णय २०१६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने दिला. २०२२ मध्ये त्या देशाने सापडलेल्या मुलांसाठी स्वतंत्र कायदाच केला. भारतात एका ओळीच्या दुरुस्तीने जे साधेल ते अद्याप साधलेले नाही.

वारशाच्या बाबतीत स्थिती अशीच एकतर्फी आहे. दत्तक न गेलेल्या अशा अपत्याला मातापित्यांकडून वारशाने काही येत नाही, कारण मातापिता कोण हेच ठाऊक नाही. ते मूल मोठे होऊन, स्वकष्टाने काही मिळवून, मृत्युपत्र न करता आणि पतिपत्नी वा संतती मागे न ठेवता मरण पावले, तर हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या एकोणतिसाव्या कलमान्वये त्याची मिळकत शासनाकडे जाते. जिवंतपणी ज्याचे पितृत्व शासनाने नागरिकत्वापुरतेही गृहीत धरले नाही, त्याचा वारस होण्यास शासनाला कोणताही पुरावा लागत नाही.