थोडासाच गुलाबी

भिगवणचे रोहित पक्षी आता फार पाहून झाले आहेत. हिवाळा सरत आला की वर्तमानपत्रांत, दिनदर्शिकांवर, फोनवर तेच: निळं आकाश, पसरलेले पंख, गुलाबी आणि काळ्याची झळाळी. त्यात वाईट काही नाही. पण एका मित्राच्या ज्या फोटोपाशी मी रेंगाळतो, त्यात गुलाबी रंग जेमतेम बोटभर आहे.

सूर्य पाठीशी घ्या, म्हणजे पक्ष्याचा रंग खुलतो, असं नवख्याला पहिल्याच दिवशी सांगतात. इथे सूर्य समोर आहे, चौकटीच्या जरासा बाहेर, उजवीकडे. त्यामुळे पंधरा-वीस रोहितांचा थवा जवळजवळ काळा दिसतो. प्रत्येकाच्या मानेला आणि पाठीला फक्त सोनेरी कड. पाणी मात्र पेटलेलं आहे. उगवतीचं ऊन तिरपं येतं, हवेच्या जाड थरातून गाळून येतं; निळा वाटेतच विखुरतो आणि तांबूस-पिवळा उरतो. शिवाय कॅमेरा होडीच्या काठाला, अगदी पाण्यालगत धरलेला. नजर जितकी खाली, तितकं पाणी जास्त उजेड परतवतं. उभ्याने हाच फोटो काढला असता तर त्या सोन्यात तळाचा चिखल मिसळला असता.

कॅमेरा स्वतःच्या हिशेबाने चालला असता तर उजेडाची सरासरी काढून सगळंच बेताचं केलं असतं. मित्राने निर्णय घेतला: पाण्याची चमक जपायची, पक्षी अंधारात जाऊ द्यायचे. या निर्णयावर सगळा फोटो उभा आहे. कारण थव्याच्या मधोमध एका पक्ष्याने आळस देताना एक पंख आणि एक पाय मागे ताणला आहे, आणि त्या पंखाच्या पुढच्या भागातून ऊन आरपार आलं आहे. पिसं निखाऱ्यासारखी लालसर. कडेची उड्डाणपिसं काळीच, तिथे उजेड अडतो. शेवाळातून आणि बारीक जलचरांतून मिळणारी रंगद्रव्यं पिसांत उतरतात, म्हणून हा रंग. पक्षी उभा असताना त्यातला गडद भाग पंखाच्या घडीत दडलेला असतो. सगळे गुलाबी दिसले असते तर या एका पंखाकडे कोणी पाहिलं असतं?

यात मला आणखी एक गोष्ट वाचता येते. बहुतेकांच्या माना खाली, चोची उलट्या होऊन पाण्यात. रोहित चरतो तो असा. होडी अंगावर आली की थव्याच्या माना आधी काठीसारख्या ताठ होतात, मग पक्षी पाण्यावर धावत सुटतात. उडत्या थव्याचे पुष्कळ फोटो पाहताना पक्ष्यांची पाठच दिसते, आणि कोणीतरी त्यांना उठवलं हे कळतं. काही जण तर नावाड्याला तसं करायलाच सांगतात! इथे इंजिन लांबच बंद केलं असावं. मागच्या बाजूला एकच मान वर आहे, तिच्यावर गुलाबीचा मागमूस नाही, करड्या रंगाचं पिल्लू ते. बिचाऱ्याला अजून होडीची सवय नसावी, असा माझा तर्क.

भिगवणजवळचं उजनीचं हे पाणी तसं नैसर्गिक तळं नव्हे. भीमेवरचं धरण 1980 मध्ये पूर्ण झालं, आणि शेतीसाठी पाणी सुटत गेलं की फुगवट्याची कड मागे हटते, उथळ दलदल उघडी पडते. रोहित उतरतात ते त्या उथळात. म्हणजे या फोटोतल्या सोन्यामागे उसाला सुटलेलं पाणीही आहे.

एक खटकतं. डाव्या कोपऱ्यात कोळ्याच्या जाळ्याचा खुंट होता, मूळ फोटोत मी तो पाहिला आहे. छापताना मित्राने तो पुसला. त्याच्या मते नजर तिकडे ओढली जायची. मला वाटतं, ती जायला हवी होती. आता तो कोपरा नुसता चकाकतो, आणि पाहणाऱ्याला हे पाणी कुणाच्याच वापरात नसल्यासारखं भासतं. पुढच्या छपाईत खुंट परत घाल, असं मी त्याला सांगितलं आहे. तो अजून तयार नाही.