ग्राहक ते वाचक : ‘ग्रंथाली’च्या चळवळीची चिकित्सा

ग्राहकांचा समुदाय उभारणे हा आज वाणिज्यविचारातील परवलीचा विषय आहे. मराठी ग्रंथव्यवहारात असा प्रयोग १९७० च्या दशकाच्या मध्यातच झाला, याची नोंद वाणिज्याचे अभ्यासक क्वचितच घेतात. दिनकर गांगल, अरुण साधू आदींच्या पुढाकाराने आकारास आलेल्या ‘ग्रंथाली’ने स्वतःस ‘वाचक चळवळ’ म्हटले. सभासदांना सवलतीत पुस्तके देणे, ग्रंथप्रदर्शने व ग्रंथयात्रा काढणे असे तिचे स्वरूप होते.

तथापि केवळ सवलतीने समुदाय घडत नाही. सवलत संपताच ग्राहक पांगतो. ‘ग्रंथाली’चे वेगळेपण पुस्तकांच्या निवडीत होते. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) यांनी मध्यमवर्गीय वाचकास त्याच्या सवयीचे नव्हे, तर त्यास अस्वस्थ करणारे जग दाखविले. ग्राहकाची रुची हेरून तेच पुन्हा पुरविणाऱ्या आजच्या बाजारनीतीस हे मानवणारे नाही. विक्रेत्यावर विश्वास असल्याखेरीज कोणी असे पुस्तक आगाऊ पैसे भरून घेत नाही, आणि हा विश्वास जाहिरातीने निर्माण होत नसतो.

मर्यादाही नोंदविली पाहिजे. चळवळीचे केंद्र मुंबईच राहिले. अमरावती-अकोल्याचा वाचक तिच्यात पुस्तक घेणारा होता. कोणते पुस्तक निघावे हे ठरविणारा तो कितपत होता, हा प्रश्न प्रस्तुत लेखकास महत्त्वाचा वाटतो. वऱ्हाडी बोलीतील एखादे हस्तलिखित छापावे की नाही, हे आधी अकोल्याच्या वाचकांना विचारले गेले असते, तर त्या सभासदत्वाचा अर्थच निराळा झाला असता.