रिप्लीचे दार आणि रिप्लीचे वचन

वाचकहो, राक्षसाच्या चित्रपटावर एका निवृत्त नर्सने काय लिहावे, असे आपणास वाटेल. परंतु ‘एलियन’ (१९७९) आणि त्याचा पुढचा भाग ‘एलियन्स’ (१९८६) हे चित्रपट मी राक्षसासाठी पाहत नाही. सिगर्नी वीव्हरने उभ्या केलेल्या रिप्लीसाठी पाहते.

पहिला चित्रपट रिडली स्कॉट यांचा. ‘नोस्ट्रोमो’ या मालवाहू अवकाशयानावर सात माणसे व एक मांजर. परग्रहावर उतरलेल्या केनच्या तोंडाला एक प्राणी चिकटतो. कप्तान त्याला यानाच्या दाराशी आणतो. आत जबाबदारी रिप्लीवर आहे. क्वारंटाइनचा नियम चोवीस तासांचा, म्हणून कप्तानाचा हुकूम असूनही ती दार उघडत नाही. दार उघडतो तो अ‍ॅश. पुढे कळते की तो यंत्रमानव आहे, आणि कंपनीची आज्ञाच होती : प्राणी आणा, माणसे गेली तरी चालतील.

पुष्कळांना येथे रिप्ली कठोर वाटते. मला वाटत नाही. सांसर्गिक रोगांच्या वॉर्डाच्या दारातून मी रडणाऱ्या आयांना परत पाठवले आहे. नाही म्हणणाऱ्याच्या पोटात काय कालवते, ते बाहेरच्यांना दिसत नाही. या चित्रपटात रिप्लीचे घरदार, नवरा, मूल यांविषयी अवाक्षर नाही. पात्रे स्त्री अथवा पुरुष कोणीही करावीत, अशीच पटकथा लिहिली होती. तरी बाई आपल्याला कळते ती तिच्या करणीवरून. यान फुटायची वेळ आली असता ती मांजराला आणायला परत फिरते. दार न उघडणारीही तीच.

दुसरा भाग जेम्स कॅमेरॉन यांचा. रिप्ली सत्तावन वर्षे झोपेत तरंगून परत येते आणि पुन्हा त्याच ग्रहावर जाते. तेथे न्यूट ही एकच मुलगी उरली आहे. ती बोलत नाही. लेफ्टनंट प्रश्न विचारून थकतो. रिप्ली तिला गरम चॉकलेट देते, हलक्या हाताने तिचे तोंड पुसते, आणि मग मुलगी बोलू लागते. घाबरलेल्या मुलाशी असेच वागावे. दिग्दर्शकाने हे नेमके हेरले आहे.

चित्रपटगृहात दाखवलेल्या प्रतीतून एक प्रसंग कापला होता. नंतरच्या लांब प्रतीत तो आहे. रिप्लीची मुलगी होती, अमांडा. तिच्या अकराव्या वाढदिवसाला परत येईन, असे आईने वचन दिले होते. आई परतली तेव्हा मुलगी सहासष्टाव्या वर्षी वारलेली. आई आपल्या लेकीचा म्हातारपणचा फोटो पाहते. तो फोटो खुद्द वीव्हरच्या आईचा आहे.

काही जाणकार म्हणतात, प्रसंग कापला तेच बरे, न सांगितलेले अधिक बोलते. मी पूर्वी तसेच मानीत असे. आता मानीत नाही. तो प्रसंग नसेल तर वाटते, बाई आहे म्हणून मूल दिसताच माया आली. तो असेल तर न्यूटला ‘तुला सोडून जाणार नाही’ असे सांगताना तिला काय पडत असेल ते कळते. एक वचन मोडलेली बाई दुसरे देते आहे.

१९७८ साली मुंबई सोडताना मी आजीला म्हणाले होते, दोन वर्षांत भेटायला येते. गेले तेव्हा नऊ वर्षे उलटली होती व आजी भिंतीवरच्या फोटोत होती. आपल्यापैकी किती घरांत असा फोटो असेल!

दोष सांगायचा तर शेवटची झुंज. दोन आया समोरासमोर उभ्या करून कॅमेरॉन जे हळू सांगत होते तेच ओरडून सांगतात. पहिल्या चित्रपटाचा संयम येथे सुटतो. पण त्याआधी स्फोट जवळ आला असताना रिप्ली एकटी न्यूटसाठी खाली उतरते, तेव्हा ती दाराआडची बाई मला पुन्हा ओळखू येते. तेव्हा नियमासाठी अडून बसली, आता शब्दासाठी.

नातवंडांबरोबर दोन्ही पाहा, मात्र दुसऱ्याची लांब प्रतच मागा.