पाणबुडीतील बोलणे : दोन ब्रिटिश युद्धपटांतील वास्तव

पाणबुडीच्या जीवनावरील दोन चित्रपट इंग्लंडमध्ये १९४३ साली निर्माण झाले. ‘क्लोज क्वार्टर्स’ हा जॅक ली यांनी क्राउन फिल्म युनिट ह्या सरकारी संस्थेसाठी केलेला अनुबोधपट होय. त्यातील ‘टायरंट’ म्हणजे वस्तुतः नौदलाची ‘ट्रिब्यून’ ही पाणबुडी असून भूमिकाही नौदलातील माणसांनीच केल्या आहेत. ‘वुई डाइव्ह अ‍ॅट डॉन’ हा गेन्सबरो कंपनीचा कथापट. त्याचे दिग्दर्शन अँथनी अ‍ॅस्क्विथ यांचे, ‘सी टायगर’च्या कप्तानाच्या भूमिकेत जॉन मिल्स आणि खलाशी हॉब्सनच्या भूमिकेत एरिक पोर्टमन. पहिला वास्तव आणि दुसरा कल्पित, अशी ह्या जोडीची वाटणी करणे सोपे आहे. मात्र डोळे क्षणभर बाजूस ठेवून कानाने परीक्षा केली, तर ती वाटणी टिकत नाही.

पाणबुडीच्या पोटात एकाच माणसाला बाहेरचे दिसते, तेही परिदर्शकातून आणि काही क्षणच. तो अंतर सांगतो, दिशा सांगतो. दुसरा पट्टीवरील आकडा वाचतो. तिसरा ते आकडे गणकयंत्रात भरतो. ह्या यंत्राला ब्रिटिश खलाशांनी जुगाराच्या यंत्रावरून ‘फ्रूट मशीन’ असे थट्टेचे नाव दिले होते. सुकाणूवरचा माणूस मिळालेली आज्ञा जशीच्या तशी पुन्हा उच्चारतो आणि मगच पाळतो. एकाचे पाहणे इतरांना केवळ शब्दांतून मिळते. म्हणून येथील वाक्य तुटक, बहुधा क्रियापदावाचून आणि संदिग्धतेस जागा न ठेवणारे असते. ह्या बोलण्यात शैली नाही, आणि तेच त्याचे सामर्थ्य आहे.

‘क्लोज क्वार्टर्स’मधील खलाशी हे बोलणे निर्दोष बोलतात. परंतु फावल्या वेळच्या गप्पा रंगवावयाच्या प्रसंगी त्यांचीच जीभ जड होते. लिहून दिलेले वाक्य पाठ म्हटल्यासारखे उमटते. ह्याचे कारण त्यांची अभिनयातील अननुभवता एवढेच सांगून भागत नाही. आज्ञेची भाषा मुळातच ठरीव आहे. ती रोज पाठ म्हटली जाते, तेव्हा पाठ म्हणणे हेच तेथे खरे बोलणे ठरते. गप्पांचे तसे नाही. पूर्वी ठरलेली गप्प ही गप्पच नव्हे. मिल्स व पोर्टमन ह्यांना नेमकी हीच कला अवगत आहे. हॉब्सनच्या मोडकळीस आलेल्या संसाराचे दुःख पोर्टमनच्या आखडत्या स्वरात ज्या सहजतेने येते, ती सहजता खऱ्या खलाशाला कॅमेऱ्यापुढे साधलेली नाही. खरा माणूस कृत्रिम वाटतो आणि नट खरा वाटतो, हा अनुबोधपटाच्या कैवाऱ्यांना अडचणीत टाकणारा अनुभव आहे.

अर्थात अ‍ॅस्क्विथ यांच्या चित्रपटाचा उत्तरार्ध ह्या कसोटीस उतरत नाही. तेल संपत आले असता जर्मन गणवेश चढवून हॉब्सन डॅनिश बंदरात शिरतो, तेथे चकमक होते आणि तेलही मिळते. हा सारा भाग साहसकथेचा आहे. मात्र त्याआधीचा ‘ब्रांडेनबुर्ग’ ह्या युद्धनौकेवरील हल्ला दीर्घ, शांत व निर्दय अचूकतेने चित्रित झाला आहे. पाणतीर सुटतात आणि पाणबुडीला तत्काळ खोल जावे लागते. नेम लागला की नाही, हे कोणालाच ठाऊक नसते. प्रेक्षकही त्या अज्ञानात सहभागी होतो; विजयाची वार्ता कळते ती परतल्यावर.

दोन्ही चित्रपटांत एक गोष्ट बोलली गेलेली नाही. त्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या सत्तरहून अधिक पाणबुड्या नष्ट झाल्या. ‘सी टायगर’ म्हणून पडद्यावर वापरलेल्या नौकांपैकी ‘पी-६१५’ हिला एका जर्मन पाणबुडीने १८ एप्रिल १९४३ रोजी पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ बुडविले. युद्ध चालू असता असे मौन समजण्यासारखे आहे. तरी त्यामुळे ह्या वास्तववादाची मर्यादा निश्चित होते.

ते मौन रॉय बेकर यांच्या ‘मॉर्निंग डिपार्चर’ने १९५० मध्ये मोडले. चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच, १२ जानेवारी १९५० रोजी, ‘ट्रूक्युलंट’ ही पाणबुडी टेम्सच्या मुखाशी एका स्वीडिश तेलवाहू जहाजाशी टक्कर होऊन बुडाली व ६४ माणसे मेली. चित्रपटातील पाणबुडी शांततेच्या काळात एका जुन्या सुरुंगावर आदळून तळाशी जाते. कप्तान पुन्हा मिल्स हाच आहे; पण त्याच्यापाशी द्यावयास आज्ञा उरलेल्या नाहीत. सुटकेची साधने अपुरी असल्याने चौघे मागे राहतात, आणि त्यांना केवळ बोलत बसावे लागते. शेवटी उरलेल्या सोबत्यांना तो प्रार्थनापुस्तक वाचून दाखवितो : पुन्हा एकदा, आधीच ठरलेले शब्द.